आक्कांच्या बादलीत काय निघालं?

अहो वहिनी, ऐकलंत का? या ना जरा कुंपणाशी, हे काही ओरडून सांगण्यासारखं नाही. तारेवरच्या चादरीला हात नका लावू, ओली आहे अजून. हां, टेका त्या ओट्यावरच. तर मला सांगा, आज सकाळी घंटागाडी आली तेव्हा तुम्ही होतात कुठं? अंघोळीला? अरे देवा! म्हणजे सगळंच हुकलं की तुमचं.

आक्कांच्या ओल्या कचऱ्याच्या बादलीत आंब्याच्या कोयी निघाल्या. एक नाही, दोन नाही, चांगल्या चार. आणि आखिती अजून यायचीय!

बघा, तुम्हीसुद्धा पदर तोंडाला लावलात. मी पण लावला होता. समोरच्या मास्तरीणबाई झाडू हातात धरून तशाच उभ्या. आणि ती मेडिकलवाल्यांची सून, एरवी गाडी दारात आली तरी मोबाइलमधून मान वर काढत नाही, तिनं चक्क फोन गाऊनच्या खिशात टाकला. आता बोला!

आक्का काय तुम्हाला नव्यानं सांगायच्या? चैत्रगौरीचं हळदीकुंकू आठवतंय ना त्यांच्याकडचं? पन्हं काय सुरेख झालं होतं, वेलदोडा अगदी बेताचा. कैरीची डाळ मी दोनदा घेतली. तुम्ही पण घेतलीत, मी पाहिलं. तर तेव्हा भरल्या घरात त्या काय म्हणाल्या? "आमच्याकडं आखितीला पितरांची घागर भरून त्यांना आंबा ठेवल्याशिवाय कुणी आंब्याला तोंड लावत नाही. मी या घरात आल्यापासून कुणाची हिंमत झाली नाही." मास्तरीणबाईंनी आपलं हळूच विचारलं, "पण आक्का, मग ही कैरी कशी चालते हो?" आक्कांनी डोळे मिटले, आठवतंय ना? आणि म्हणाल्या, "कैरी ही भाजी आहे." संपला विषय! पुढं बोलायची कुणाची टाप आहे?

आणि त्या घराच्या बादलीत कोयी.

आता हे शहर झाल्याचे फायदे म्हणायचे की तोटे, काय की बाई. ग्रामपंचायत होती तोवर टोपलं डोक्यावर घेतलं, उकिरड्यावर नेऊन उपडं केलं, कोण बघतंय त्यात काय होतं ते? मग नगरपंचायत झाली. 2022 च्या जानेवारीत निकाल लागला तेव्हा गल्लीत गुलाल नुसता पायांना चिकटत होता. त्या दिवशी आमचे हे मोठ्या रुबाबात म्हणाले, "आता तीर्थपुरी शहर झालं, जरा शहरासारखं वागत जा." शहरासारखं म्हणजे कसं, ते काही त्यांनी सांगितलं नाही. पुढं ओला कचरा वेगळा, सुका वेगळा सुरू झालं तेव्हा मला उमगलं. मोठ्या शहरात म्हणे शेजाऱ्याला शेजारी ओळखत नाही. आपल्याकडं ओळख बादलीपासूनच सुरू. कुणाकडं डायटिंग चाललंय आणि सुक्या कचऱ्यात वेफरची पाकिटं निघतायत... नाव नाही घेत मी. समजलात ना? तेच ते.

तर काय सांगत होते? हां, कोयी.

झालं असं, की या लग्नांच्या गडबडीत आक्कांकडची बादली द्यायची राहूनच गेली होती. यंदा लग्नं किती आहेत तुम्ही बघताच आहात. ज्येष्ठ अधिक आलाय ना, 17 मेपासून 15 जूनपर्यंत धोंड्याचा महिना, मग ज्याला त्याला त्याच्या आतच उरकायचंय. रोज एक आहेर आणि रोज तेच मठ्ठा-जिलेबीचं ताट. तर आज आक्कांनी सुनेला म्हटलं, बादली वास मारतेय, तू ओली घे, मी सुकी घेते. दोघी दारात. गाडीवरच्या पोरानं बादली घेतली, वर उचलून उपडी केली, आणि कांद्याची सालं, मेथीच्या काड्या, भिजलेली चहापत्ती यांच्या मागून टपटप टपटप... चार. आणि तो पोरगा, त्याला काय माहीत या घरचा कायदा? तो आपला हसून म्हणाला, "आक्का, यंदा आंबा लवकर आला वाटतं!"

अहो, काय शांतता पसरली! ती घंटागाडी गाणं म्हणत होती तेवढीच.

आक्कांचा चेहरा सांगते. चीक ताटात काढून ठेवला की थोड्या वेळानं वर कशी साय धरते, तसा बघता बघता चेहऱ्यावर एक थर आला. हातात सुक्या कचऱ्याची बादली तशीच. त्यांनी सुनेकडं पाहिलं. सुनेनं कोयींकडं पाहिलं. आणि वहिनी, मी शपथेवर सांगते, ती कोयी मोजत होती! तिचे ओठ हलत होते. एक, दोन, तीन... आणि चौथ्याला ती थबकली. मला तेव्हाच कळलं, पाणी मुरतंय कुठंतरी.

नाही, थांबा, लगेच नाही सांगणार. सस्पेन्स आहे हा. आधी आक्कांच्या यजमानांची, तात्यांची गोष्ट सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं तुम्हाला लागणार नाही.

तात्यांची शुगर तुम्हाला माहीतच आहे. डॉक्टरांनी गोड बंद केलंय. तरी संध्याकाळ झाली, ऊन जरा कललं, की टोपी डोक्यावर नि स्वारी निघाली. कुठं? तर पाय मोकळे करायला. पाय मोकळे करायला माणूस बरोबर रसवंतीवरच कसा पोचतो, हे मला अजून कळलेलं नाही. आमच्या ह्यांनी पाहिलं ना त्यांना, बाकड्यावर बसून, ग्लास दोन्ही हातांत धरून. आणि ते चरकाचे घुंगरू असे छुनछुन वाजतात, की धड माणूससुद्धा तिकडं वळतं, तात्यांचा काय दोष! हे म्हणाले, "तात्या, शुगर?" तर तात्या काय म्हणाले ठाऊक आहे? "अरे बाबा, साखर कारखान्यात होते. इथं नुसता रस आहे." आता या गावात साखर कारखाना असताना त्यांना कोण खोटं पाडणार? आमचे हे निमूट शेजारी बसले आणि त्यांनीपण एक फुल मागवला, आलं-लिंबू मारून. त्यांनी मला सांगितलं हाफ. पण मिशीला फेस होता तो फुलचा.

आणि काय हो, तुमच्या लक्षात आलंय का, कुठल्याही गावाला जा, रसवंतीवर नाव एकतर कानिफनाथ नाहीतर नवनाथ. मास्तरीणबाई सांगत होत्या, म्हणे ही मंडळी मूळची पुरंदर तालुक्यातली, तिथं बोपगावला कानिफनाथांचं ठाणं आहे. गावं सोडली, पण देवाचं नाव पाटीवर घेऊन निघाली. आपल्या भागात ऊस रानोरान, आणि रस काढायला माणूस पुरंदरचा!

हां, तर तात्या. तुम्ही म्हणाल, एवढी जीभ सैल का सोडावी माणसानं? पण त्यांचंही ऐका. त्यांची मोसंबीची बाग होती, तुम्ही नवीन आलेल्या, तुम्ही पाहिली नसेल. 2012 ला पाऊस गेला आणि 2013 चा उन्हाळा... नको तो आठवायला. जिल्ह्यातल्या बागाच्या बागा उभ्या वाळल्या. टँकर घालून घालून लोक थकले. तात्यांनी शेवटी स्वतः कुऱ्हाड लावली, दुसऱ्या कुणाला लावू दिली नाही. तेव्हापासून त्यांचं एकच म्हणणं, समोर फळ आलं की नाही म्हणायचं नाही. मग त्या जालन्याच्या मोसंबीला 2016 साली ते जीआय का काय मिळालं, पेपरात आलं होतं, तर तात्यांनी तो कागद कापून देव्हाऱ्याच्या बाजूला चिकटवला. अजून आहे, पिवळा पडलाय. परवा बाजारात मृग बहाराची मोसंबी दिसली तर पिशवीभर घेऊन आले आणि गल्लीतल्या लेकरांना बोलावून बोलावून एकेक फाक हातावर ठेवली. आक्का आतून ओरडतायत, "अहो, घरात पण आणा की!" असा माणूस. त्याला काय शुगर सांगता?

तर काय सांगत होते... कोर्ट! हो, कोर्ट भरलं ना. घरात नाही हो, तिथंच अंगणात. आम्ही सगळ्या आपापल्या दारात, कुणाचंच काम संपेना. मी तुळशीला पाणी घालत होते. घातलेल्यालाच परत घातलं. मास्तरीणबाई झाडलेलंच अंगण पुन्हा झाडत होत्या. मेडिकलवाल्यांची सून कूलरमध्ये पाणी भरायचं म्हणून पाइप घेऊन आली, आणि कूलर केव्हाच भरून बाहेर वाहत होता.

तो कूलर पाहिलात का तुम्ही त्यांचा नवा? अहो, खोलीएवढा! आतलं गवत नवंकोरं, पहिल्यांदा चालू केला तेव्हा त्या ओल्या गवताचा वास इथपर्यंत आला. मला तर खरा उन्हाळा लागल्यासारखं त्या वासानंच वाटतं, फ्रीज नि एसीला ती मजा नाही. पण त्यांच्या घरात त्यावरून रोज धुसफूस. कूलरच्या तोंडाशी अंथरूण कुणाचं? सासरे म्हणतात माझं, सून म्हणते बाळाचं, आणि बाळाच्या नावाखाली ती स्वतः. सासूबाईंनी मग शहाणपणा केला, बाज उचलली आणि गच्चीवर गेल्या. आता त्या सगळ्यांत सुखात. संध्याकाळी स्लॅबवर बादलीभर पाणी मारायचं, वाफ निघून जाऊ द्यायची, वाकळ टाकायची नि आडवं व्हायचं. वारा फुकटचा. आणि करमणूकही! या गच्चीवर आयपीएल, त्या गच्चीवर सिरियल, पलीकडं कुणाचं तरी फोनवर चाललेलं "तू जेवलास का?" लाइट गेली की एकदम सगळी गल्ली "आऽऽ" करते आणि आली की पुन्हा "आऽऽ". परवा सिक्स बसला तेव्हा एकाच वेळी सात-आठ गच्च्या ओरडल्या आणि आमचे हे झोपेतून उठून म्हणाले, "कोण पडलं?"

बरं बरं, सांगते.

तर आक्कांनी विचारलं, "कुणी खाल्ले?" आवाज चढवला नाही हं. त्यांचा आवाज उतरतो तेव्हाच खरी भीती. तुम्हाला आठवतं, जांबच्या राममंदिरातल्या मूर्ती चोरीला गेल्या होत्या, 2022 च्या ऑगस्टमध्ये? प्रत्यक्ष समर्थांच्या जन्मगावातून! किती घरांत त्या दिवशी चूल पेटली नव्हती. त्या मूर्ती पोलिसांना परत मिळेपर्यंत दोनेक महिने गेले. आक्कांना मात्र चोर पकडायला घंटागाडी कोपऱ्यावर पोचेपर्यंतचाच वेळ लागला.

कारण तात्या पुढं आले. टोपी काढली. म्हणाले, "मी खाल्ला. एकच." मला इतकं कसंतरी झालं! पण आक्कांनी काही म्हणायच्या आतच सून रडवेली होऊन म्हणाली, "नाही हो आई, मी खाल्ला." आता तात्या तिच्याकडं बघतायत. आणि आतून तो नातू, सहावीतला, हातात भूगोलाचं पुस्तक, दारात येऊन म्हणतो कसा, "आजी, मी पण."

अहो, मी तुळशीचा तांब्या खाली ठेवला. म्हटलं आता आधार पाहिजे.

मग हळूहळू सगळं उलगडलं. सुनेचं माहेर संभाजीनगरचं ना. तिच्या आईनं एसटीच्या ड्रायव्हरकडं अर्धा डझन आंबे पाठवले होते, लेकीला खावंसे वाटतील म्हणून. का वाटतील, ते... तुम्ही कशा बघताय माझ्याकडं? मला काही माहीत नाही. डोहाळे असतील, नसतील, काय की! ते आक्का सांगतील तेव्हा आपण नव्यानं ऐकायचं. तर हिनं काय केलं, आंबे जरा कच्चे होते, ते नेऊन गव्हाच्या कोठीत पुरले. आखितीपर्यंत पिकतील आणि तेव्हा आईंना आश्चर्याचा धक्का देऊ, असं तिच्या मनात. निदान ती तसं म्हणाली. पण कोठीतल्या आंब्याचा वास लपतोय का? रात्री जीव राहवेना, एक काढला, मोरीत उभ्यानं खाल्ला, कोय मेथीच्या काड्यांखाली दडपली.

तात्या वासावरच पोचले. ते म्हणतात, "मी गहू बघायला गेलो होतो, भुंगे झालेत का." आणि नातू तात्यांच्या मागावर. कालव्याला पाणी सुटलंय, पोरं पोहायला चाललीत, आणि याला परीक्षा म्हणून घरात कोंडलेला. त्याला दुसरा उद्योग काय? आजोबा कोठीच्या खोलीतून मिशा पुसत बाहेर आले, हा आत. प्रत्येकानं एकेक खाल्ला, प्रत्येकानं आपली कोय बादलीत खाली दडवली, आणि प्रत्येकाला वाटलं आपण एकटेच. एकमेकांच्या कोयीवर कोय रचत गेले बिचारे!

मेडिकलवाल्यांच्या सुनेला तेव्हासुद्धा आपलं ज्ञान पाजळायचं होतं. पलीकडून म्हणते, "आक्का, एवढ्या लवकरचे आंबे कार्बाइडनं पिकवलेले असतात हं, कायद्यानं बंदी आहे त्याला." सुनेनं डोळे पुसता पुसता बाणेदारपणे सांगितलं, "कोठीत गव्हात पिकलेत, हातानं पुरलेत मी." मग मास्तरीणबाई म्हणाल्या, हा काही आपला केसर नव्हे, बदाम दिसतोय, आपला मराठवाड्याचा केसर मे उजाडल्याशिवाय कुठला उतरायला! त्यालाही 2016 लाच मिळालंय ते जीआय, हे तात्यांनी मान खाली घालूनच सांगितलं. म्हणजे बघा, माणूस आरोपीच्या पिंजऱ्यात आणि तरी माहिती पुरवतोय.

पण वहिनी, हिशेब कुठं लागतोय? सुनेनं एक खाल्ला, तात्यांनी एक, नातवानं एक. झाले तीन. मुलगा तर कारखान्याच्या कामानं आठवडाभर घरात नाही. कोयी किती? चार!

हे आधी कुणाच्या लक्षात आलं माहितेय? नातवाच्या. लेकरू ते, त्याला पोच नाही. बोटं मोजून म्हणाला, "मग चौथा कुणी खाल्ला?"

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. तात्या सुनेकडं, सून तात्यांकडं. आणि मग, मी सांगते तुम्हाला, दोघांचीही नजर एकाच वेळी हळूच वळली... मी काही म्हणत नाही हं. पण कुरडयांचे गहू भिजत घालायला कोठीतून कुणी काढले? गेल्या उन्हाळ्यात सुनेनं काढले तर "मापात फरक पडतो" म्हणून कुणी तिला परत बसवलं होतं? पायलीनं गहू काढायचे, खालचे जुने आधी काढायचे म्हणून कोपरापर्यंत हात घालायचा, आणि त्या हाताला आंबा लागला नसेल? मी नुसतं विचारतेय.

आक्कांचं काय झालं, सांगू? ती साय फाटली. कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी सुक्या कचऱ्याची बादली एकदाची खाली ठेवली, पदर सारखा केला आणि म्हणाल्या, "दोन उरलेत ना? ते आखितीला पितरांपुढं ठेवायचे. पितरं घरचीच आहेत, समजून घेतील." आणि आत जाता जाता तात्यांना, "तुम्ही टोपी घाला डोक्यावर, ऊन लागेल." बस्स! तात्यांनी अशी काही टोपी घातली, की जणू निवडूनच आले. सून हसायला लागली. मग मास्तरीणबाई. मग आम्ही सगळ्याच... मी तर इतकी हसले, की तुळशीचा तांब्या कलंडला.

नंतर ती सून माझ्याकडं विरजण न्यायला आली होती. मला म्हणते, "काकू, मोरीत खाल्लेल्या आंब्याला काही चवच लागली नाही हो." मी म्हटलं, लागणार कशी? आपल्या गल्लीत गोडाला एकट्यानं गोडी येत नाही. टरबूज कापलं की फोड कुंपणावरून गेली पाहिजे, माठ नवा घेतला की चार जणींनी त्यातलं पाणी पिऊन "गार आहे हो" म्हटलं पाहिजे. मोगऱ्याचा गजरा माळून आतल्या खोलीत बसली तर तो गजरा काय कामाचा? कुणीतरी म्हणायला पाहिजे ना, "आज कुठं दौरा?" मग तुम्ही म्हणायचं, "कुठं नाही, असंच." तेव्हा कुठं त्याचा वास येतो. ती म्हणाली, संभाजीनगरला आमच्या सोसायटीत असं नसतं. मी म्हटलं, म्हणून तर तुला तिकडून आंबे लपवून आणायची सवय!

आता आखितीला बघाच तुम्ही. पुरणपोळी, चिंचवणी, आंब्याचा रस, आणि त्या रसात बुडवायला या उन्हाळ्यातली पहिली तळलेली कुरडई. आक्का यंदा सगळ्या गल्लीला बोलावणार, लिहून घ्या माझ्याकडून. मोठ्या मनाच्या आहेत, फक्त आवाज तेवढा... आणि पुढं धोंड्याच्या महिन्यात त्यांचे जावई यायचेत. तेहतीस अनारसे तर द्यावेच लागतात. आणि तेव्हा केसर अगदी भरात. गेल्या उन्हाळ्यात त्या जावयांनी रसाच्या किती वाट्या घेतल्या ते आक्कांनी स्वतः मोजून मला सांगितलं होतं. मी आकडा सांगत नाही, जावई माणूस आहे. पण पुरण कमी पडलं नाही, एवढंच म्हणेन. रस पडला.

अन् हो, मुख्य सांगायचं राहिलंच की! उद्या त्यांच्याकडं कुरडया. गहू चांगले आंबलेत, आज दुपारी मिक्सरमधून काढून, वस्त्रानं गाळून ठेवलेत, आता रात्रभर सत्त्व खाली बसेल. वरचं पाणी पहाटे ओतायचं आणि ऊन तापायच्या आत सगळं उरकायचं. आक्का म्हणाल्या, "हिला बोलवा, तिला बोलवा," तुमचं नाव तर पहिलं. सोऱ्या दाबायला दोघी लागतात, मास्तरीणबाईंचा खांदा दुखतोय, त्या नुसत्या बसून सूचना देणार. मेडिकलवाल्यांची सून येणार म्हणे, पण ती आधी व्हिडिओ काढेल, मग स्टेटसला टाकेल, मग हात लावेल, तोवर चीक दगड! गेल्या उन्हाळ्यात तिनं एक कुरडई घातली, ती अजून कुणाला ओळखू आली नाही. राखण नातवाला लावलीय. कावळ्यांपासून म्हणे. आता त्या अर्ध्या ओल्या कुरडया कावळे किती खातील आणि राखणदार किती, ते...

अगं बाई! नळ आला वाटतं. ऐकलंत? टाकीत धार पडतेय कुणाच्या तरी. माझी घागर आतच आहे नि माठही घासून पालथा घातलाय. पळते मी. तुम्हीपण पळा, पिण्याचं आधी भरून घ्या. उद्या पाचला या हं, चहा तिथंच. जुनी धुतलेली साडी आणा गच्चीवर अंथरायला, आणि भाऊजींना म्हणावं आमची बाज तेवढी वर चढवायला हात लावा, ह्यांची कंबर धरलीय. आणि वाटी विसरू नका, चीक गरमच खायचा असतो! तेल-चटणी मी घेते, दूध-साखर तुमची. तात्यांना दूध-साखर कोण वाढतंय, तेही बघू उद्या!